कपींचे हातवारे आणि भाषेचा उगम

कपी म्हणजे बिनशेपटीची, माणसाच्या सगळ्यात जवळची मंडळी: चिंपँझी, बोनोबो, गोरिला, ओरँगउटान. संस्कृतात कपी म्हणजे माकड, पण प्राणीशास्त्राच्या मराठीत हा शब्द एपसाठी वापरतात, तेव्हा गोंधळ नको. हे एकमेकांना काय आणि कसं सांगतात, त्यातून आपली भाषा कशी सुरू झाली असेल याचा काही सुगावा लागतो का, असा हा सगळा विषय. मेन अडचण अशी की भाषेचे फॉसिल सापडत नाहीत, त्यामुळे उगमाबद्दल कोणीही काहीही ठोकून द्यायचं आणि शेवटी वैतागून पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने १८६६ मध्ये या विषयावरचे निबंध घेणंच बंद केलं.

नंतर अमेरिकेत उलटा प्रयोग सुरू झाला, कपीलाच माणसाची भाषा शिकवायची. १९४७ मध्ये हेज दांपत्याने विकी नावाचं चिंपँझीचं पिल्लू घरात पोटच्या पोरीसारखं वाढवलं, बोटांनी तिचे ओठ दाबून दाबून शब्द शिकवले, तरी हाती लागले जेमतेम चार. मग १९६६ मध्ये गार्डनर दांपत्याच्या डोक्यात आलं की अरे चिंपँझीचा गळा नाही चालत पण हात तर मस्त चालतात, आणि त्यांनी वॉशू नावाच्या चिंपँझीला मूकबधिरांची अमेरिकन खूणभाषा शिकवली, ती शंभराच्या वर खुणा शिकली. पण कोलंबिया विद्यापीठाच्या हर्बर्ट टेरेसने निम नावाच्या चिंपँझीचे व्हिडिओ नीट तपासले आणि १९७९ मध्ये सांगून टाकलं की ही वाक्यं नाहीत, बरंचसं समोरच्या माणसाची नक्कल आहे. निमचं सगळ्यात लांब "वाक्य" साधारण असं: दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू. लहान पोर दुकानापुढे हट्टाला पेटलं की असंच बोलतं म्हणा, पण पोराचं व्याकरण वर्षभरात कुठल्या कुठे जातं, निमचं तिथंच राहिलं.

कांझीची गोष्ट वेगळी. हा बोनोबो. शब्दांऐवजी चिन्हं असलेला बोर्ड शिकवत होते त्याच्या आईला (सांभाळणाऱ्या, सख्ख्या नाही), तिला काही जमेना आणि बाजूला धुडगूस घालणारं हे पिल्लू कोणी न शिकवता शिकून बसलं! पुढे ६६० नवीन इंग्रजी सूचनांच्या टेस्टमध्ये त्याने सुमारे ७२ टक्के बरोबर पाळल्या. कांझी २०२५ मध्ये गेला.

पण माझ्या मते खरी मजा जंगलात आहे, जिथे त्यांना कोणी काही शिकवत नाही. युगांडातल्या बुडोंगो जंगलात संशोधक कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी चिंपँझींचे ६० हून जास्त हातवारे नोंदवले, आणि २०१४ मध्ये त्यातल्या ३६ चे अर्थ लावले. आईने पायाचा तळवा दाखवला की पिल्लाने पाठीवर चढायचं. समोरच्याला हाताने टॅप केलं की "बास कर". पान दाताने टरटर फाडणं म्हणजे लाइन मारणं. आणि हे आपोआप होणारं नाही, समोरचा बघतोय का हे आधी पाहतात, थांबतात, दाद नाही मिळाली तर परत करतात. २०२३ मध्ये साडेपाच हजारांवर लोकांना असे व्हिडिओ दाखवले तर त्यांनी अर्ध्याहून जास्त अर्थ बरोबर ओळखले. बोलता न येणाऱ्या आपल्या बाळांचे बरेचसे हातवारे पण तेच आहेत, म्हणून भाषा आधी हातातून आली असं म्हणणारे बरेच.

भाषा आवाजातून आली म्हणणारे पण गप्प नाहीत. आता ताडोब्यात वानराचा कॉल आला की गाईड जिप्सी वळवतो, तो कॉल म्हणजे धोका आत्ता समोर आहे. माणूस मात्र कालच्या वाघाबद्दल आज बोलतो. पण सुमात्रात संशोधक वाघासारख्या पट्ट्यांची चादर पांघरून पिल्लं असलेल्या ओरँगउटान माद्यांखालून रांगत गेले, तर बऱ्याच माद्या आधी एकदम चिडीचूप राहिल्या आणि "वाघ" दिसेनासा होऊन काही मिनिटं उलटल्यावर, कधी कधी तर वीस मिनिटांनी, त्यांनी धोक्याचा आवाज काढला, म्हणजे होऊन गेलेल्या धोक्याबद्दल.