चाइल्ड थीम

वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवरील संकेतस्थळाची मूळ थीम (रूप ठरवणारा फाइलींचा संच) जशीच्या तशी ठेवून तिची मांडणी, रंग आणि अक्षरे बदलण्यासाठी तिला जोडलेली दुय्यम थीम. मूळ थीमला पेरेंट थीम म्हणतात. तिच्या फाइलींमध्ये थेट फेरफार केले, तर पुढच्या अपडेटला तिचा संपूर्ण फोल्डर बदलला जातो आणि केलेले काम पुसले जाते. त्या भीतीने अपडेटच थांबवले, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. चार-सहा ओळींच्या सीएसएससाठी (पानाचे रूप ठरवणारे नियम) वर्डप्रेसच्या कस्टमायझर या पडद्यावरील ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’ची चौकट (आवृत्ती ४.७, डिसेंबर २०१६ पासून) पुरते. त्यापुढे चाइल्ड थीमच करावी.

रचना : ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधील ‘थीम्स’ फोल्डरात नवा फोल्डर करून त्यात ‘स्टाइल.सीएसएस’ ठेवतात. तिच्या माथ्यावरील टिपणीत थीमचे नाव आणि ‘टेम्प्लेट’ या दोन ओळी लागतात. टेम्प्लेटपुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे लागते. दिसायचे नाव लिहिले, तर मूळ थीम सापडत नसल्याचा इशारा मिळतो. दुसरी फाइल ‘फंक्शन्स.पीएचपी’, म्हणजे थीमचा कोड ठेवणारी. हेडर, फूटर यांसारख्या साचा-फाइली त्याच नावाने चाइल्डमध्ये ठेवल्या की मूळ फाइलींची जागा घेतात. फंक्शन्सची फाइल मात्र मूळ फाइलीच्या आधी, तिच्या जोडीने चालते. त्यामुळे मूळ फाइल तिच्यात जशीच्या तशी उतरवली, तर एकच फंक्शन दोनदा घोषित होऊन संकेतस्थळ बंद पडू शकते.

चाइल्डची स्टाइलशीट (सीएसएसची फाइल) ‘एनक्यू’ करून, म्हणजे फंक्शन्सच्या फाइलीतून वर्डप्रेसच्या यादीत नोंदवून जोडावी आणि मूळ थीमची स्टाइलशीट तिचे अवलंबन म्हणून नोंदवावी, म्हणजे चाइल्डची फाइल नंतर उतरते. एका स्टाइलशीटच्या आतून दुसरी बोलावण्याची ‘इम्पोर्ट’ची जुनी पद्धत टाळावी. तिच्यात ब्राउझरला पहिली फाइल वाचून झाल्यावर दुसरीचा पत्ता लागतो आणि पान उशिरा रंगते.

चाइल्ड थीम सुरू करण्यापूर्वी अ‍ॅडिशनल सीएसएसमधील मजकुराची प्रत काढून ठेवावी. तो डेटाबेसमध्ये थीमनिहाय साठवलेला असतो, म्हणून थीम बदलताच लागू होत नाही. मेनूच्या जागाही तपासाव्या लागतात.

नियमांचे वजन : लिहिलेला नियम लागू होत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि तिचे कारण बहुधा निवडकाच्या (नियम कोणत्या घटकाला लागू आहे हे सांगणारा भाग, ‘सिलेक्टर’) वजनात असते. निवडक घटकाचा आयडी (त्याचे एकमेव नाव), क्लास (गटाचे नाव) किंवा टॅग (घटकाचा प्रकार) यांवरून लिहितात. एका आयडीपुढे दहा क्लासही हरतात, क्लासपुढे नुसते टॅग हरतात; वजन समान असेल तर नंतर आलेला नियम जिंकतो. घटकावर उजवी टिचकी देऊन ‘इन्स्पेक्ट’ उघडले की हरलेले नियम खोडलेले दिसतात. तिथे मूळ थीमचा निवडक पाहून तेवढ्याच वजनाचा आपला लिहावा. ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द थीमने घटकातच लिहिलेल्या शैलीला मात देण्यापुरता राखून ठेवावा. सवय लागली की पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला तोच लावावा लागतो.

मोबाइलवर पान आडवे सरकत असेल, तर रुंदी शंभर टक्के धरून त्याशिवाय पॅडिंग (कडेची आतली मोकळी जागा) दिलेला घटक आधी शोधावा. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ दिल्यास पॅडिंग रुंदीच्या आत मोजले जाते. ग्रिड या स्तंभ-मांडणीतील ‘एक एफआर’ (उरलेल्या जागेचा एक वाटा) रुंदीच्या स्तंभात लांब दुवा आला की स्तंभ आकसत नाही. किमान रुंदी शून्य दिली आणि दुवा मध्ये तुटू दिला की प्रश्न सुटतो. फॉर्ममधील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असल्यास आयफोनवरील सफारी चौकटीत बोट टेकताच पान मोठे करते.

देवनागरी मजकूर : बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात आणि मराठी संकेतस्थळाचे खरे काम इथे आहे. मथळ्यांना १.१ ते १.२ इतकी ओळउंची दिलेली असते. तेवढ्यात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांना भिडतात. मथळ्याला १.३५ ते १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास उंची द्यावी. ‘लेटर-स्पेसिंग’ सक्तीने शून्य करावे, कारण धन आकड्याने शिरोरेषा तुटते आणि ऋण आकड्याने अक्षरे एकमेकांवर चढतात.

थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर प्रणालीतला फॉन्ट उचलतो, आणि तो प्रत्येक उपकरणावर वेगळा असतो. म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांसारखा फॉन्ट नावानिशी द्यावा. रोमन फॉन्ट यादीत आधी ठेवला, तर विरामचिन्हे त्यातून येतात. फॉन्टची फक्त ४०० वजनाची (साध्या जाडीची) फाइल उतरवली आणि मथळे ठळक ठेवले, तर ब्राउझर कृत्रिम जाडी चढवतो आणि जोडाक्षरांतील पोकळ्या बुजतात. ७०० वजनाची (ठळक) फाइलही उतरवावी.

सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडावी. त्यामुळे पानावर ‘एमआर’ हा भाषासंकेत येतो आणि ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ची मराठी वळणे आहेत, ते ती वळणे दाखवतात. भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर ती मिळत नाहीत.

ब्लॉक थीम : आवृत्ती ५.९ पासून (जानेवारी २०२२) आलेल्या, पानाचे सगळे भाग ब्लॉकांनी रचणाऱ्या या थीममध्ये रंग, फॉन्ट, अंतरे ‘थीम.जेसन’ फाइलीत ठरतात. चाइल्ड थीममध्येही ती फाइल ठेवता येते. एडिटरमध्ये वापरकर्त्याने केलेली निवड मात्र डेटाबेसमध्ये राहते आणि फाइलीवर मात करते. त्यामुळे फाइल बदलूनही पान बदलले नाही, तर आधी कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करावी आणि मग एडिटरमधील निवड मूळपदावर आणून पाहावी.