कुरळ्या निवडुंगाची मुरड

एका मैत्रिणीने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "निवडुंगाला चुरडामुरडा झालाय, काय फवारू?" चुरडामुरडा म्हणजे पानं मुरडण्याचा रोग. टांगलेल्या कुंडीतून जाड, हिरव्यागार पट्ट्या खाली आल्या होत्या आणि त्यांतली एकही सरळ नव्हती. काहींना पीळ पडलेला, काही मागच्या बाजूला गुंडाळलेल्या, एक तर स्वतःभोवतीच गिरकी घेऊन परत वर निघालेली. मी एवढंच विचारलं, "नवी फूटही अशीच येते का?" उत्तर आलं, "हो, बोटभर असल्यापासून." मग फवारायचं काही कारणच उरलं नाही. तो होता एपिफायलम ग्वाटेमालेन्सचा 'मॉन्स्ट्रोसा' हा प्रकार. रोपं जमवणारे त्याला 'कर्ली लॉक्स' किंवा 'कर्ली स्यू' म्हणतात.

रोग आणि जन्मजात मुरड यांतला फरक हाताला कळतो. तहानलेल्या निवडुंगाची पट्टी पातळ, मऊ आणि सुरकुतलेली लागते, मुळं शाबूत असली तर पाणी मिळाल्यावर काही दिवसांत ती फुगते. विषाणू असेल तर बहुधा फिकट, पिवळसर ठिपके किंवा चट्टे दिसतात. उजेड कमी पडला तर फुटवे काडीसारखे बारीक आणि लांबुळके होतात. जन्मजात कुरळी पट्टी मात्र घट्ट, रसरशीत आणि एकसारखी हिरवी असते आणि प्रत्येक नवी फूट तोच वळणदार स्वभाव घेऊन येते. माशाच्या काट्यासारख्या खोल खाचांचे जे निवडुंग असतात, ते मात्र वेगळे. त्यांच्या खाचा नागमोडी असल्या तरी पट्टी सपाटच राहते.

आता मुख्य गोष्ट. ज्याला आपण मुरडलेलं पान म्हणतोय, ते पान नाहीच. ते चपटं झालेलं खोड आहे, शाळेत शिकलेलं पर्णकांड. पुरावा पट्टीच्या कडेलाच आहे. तिथल्या प्रत्येक खाचेत एक बारीकसा ठिपका असतो, त्याला एरिओल म्हणतात. पानाच्या बगलेत कळी असते ना, तिचंच हे निवडुंगातलं रूप. वाळवंटी निवडुंगात इथून काटे येतात. इथे काटे जवळपास नाहीसेच झालेत, पण नवी फांदी येते ती याच ठिपक्यातून आणि फूलही इथूनच. वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्थने 1812 मध्ये या प्रजातीला एपिफायलम म्हणजे 'पानावर' असं नाव दिलं. पानावर फूल उगवल्याचा तो भास नावात कायमचा राहिला. मराठीत आपण ज्या रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या फुलाला ब्रह्मकमळ म्हणतो, ते याच प्रजातीतलं एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा निवडुंगाशी काही संबंध नाही.

मग सपाट खोड मुरडतं कसं? एक प्लॅस्टिकची पातळ पिशवी घ्या आणि हळूहळू फाडा. फाटलेली कड सरळ राहत नाही, तिला झालर पडते. फाडताना कडेजवळचं प्लॅस्टिक ताणलं जाऊन लांब होतं, पण आतलं तेवढंच राहतं. लांब कडेला आखूड मध्याशी जोडून राहायचं असेल, तर सपाट राहून ते जमतच नाही. तिला वर-खाली लाटा घ्याव्याच लागतात. भौतिकशास्त्रज्ञ एरन शेरॉन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं, की मोठ्या लाटेवर लहान लाट, तिच्यावर आणखी लहान, अशी उतरंड यातून आपोआप तयार होते. लाटेचा वेगळा नकाशा कुठे लिहून ठेवावा लागत नाही. कड जास्त वाढली, एवढंच पुरतं.

वनस्पतीत हे ताणणं पेशी करतात. उत्पल नाथ, एनरिको कोएन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये स्नॅपड्रॅगन या फुलझाडाच्या पानात ते पाहिलं. कोवळं पान वाढताना पेशींचं विभाजन टोकाकडून देठाकडे क्रमाक्रमाने थांबत येतं. हे थांबणं एका आघाडीसारखं सरकतं. सिनसिनाटा या जनुकात बिघाड झाला, की त्या आघाडीचा आकार बदलतो. ती कडेला मागे रेंगाळते, कडेच्या पेशी जास्त काळ विभागत राहतात आणि पान चुरगळतं. म्हणजे वाढ कुठे आधी थांबते आणि कुठे उशिरा, या वेळापत्रकातच आकार दडलेला असतो.

आपल्या निवडुंगाच्या पट्टीत मधोमध कडक शीर आणि दोन्ही बाजूंना मांसल पंख असतात. पंखांची कड शिरेपेक्षा लांब वाढली, तर अरुंद पट्टीला सोयीचा मार्ग म्हणजे पीळ. गोल जिन्यात बाहेरच्या बाजूने चढताना जास्त अंतर पडतं, आतल्या खांबाजवळ कमी, तसंच हे. एकच पंख जास्त वाढला तर पट्टी कोयत्यासारखी वाकते. वरचा पृष्ठभाग खालच्यापेक्षा जास्त वाढला तर ती खाली गुंडाळत जाते. हे तिन्ही असमतोल कमी-जास्त प्रमाणात मिसळले, तर एकाच कुंडीत दोन फांद्या सारख्या दिसत नाहीत. त्या फोटोतली प्रत्येक गिरकी मला असमान वाढीचा हिशेब वाटते आणि तो वाचत बसायला मला फार आवडतं.

'हा निवडुंग रात्री ऑक्सिजन सोडतो, उशाशी ठेवा' अशी जाहिरात करून तो विकला जातो, ते निव्वळ चूक आहे. असे निवडुंग रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात, एवढं खरं. पण ऑक्सिजन निघतो पाण्याच्या विघटनातून आणि त्याला प्रकाशच लागतो. रात्री हे झाडही आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरतं.

त्याला जपताना वाळवंट विसरा. ही मध्य अमेरिकेच्या जंगलातली अपिवनस्पती आहे, म्हणजे दुसऱ्या झाडांवर राहणारी, त्यांच्या बेचक्यात साठलेल्या कुजलेल्या पाल्यात वाढणारी. म्हणून माती भुसभुशीत हवी: सालीचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, परलाइट (खनिजाचे हलके, पांढरे दाणे), थोडं कंपोस्ट. वरचा थर सुकला की पाणी द्या, पण तळाशी साचू देऊ नका, मुळं लगेच कुजतात. उजेड भरपूर पण गाळलेला असावा, कडक उन्हात पट्ट्या लालसर पडतात नाहीतर भाजतात. 10 अंश सेल्सिअसच्या खाली गारठा नको. कुंडी लहानच ठेवा. कळ्या धरल्यावर जागा बदलू नका, त्या गळतात. कुरळेपणामुळे एक काळजी जास्तीची: घड्यांच्या आत पिठ्या ढेकूण लपून बसतात, तेव्हा स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फिरवत चला.

रोपं वाढवायची तर बियांवर भिस्त ठेवू नका. बीजातून येणारं रोप कुरळंच निघेल याची खात्री नाही. वीतभर फांदी कापा, काप आठवडाभर सावलीत वाळू द्या आणि मग लावा. कुंडीकडचं टोकच खाली गेलं पाहिजे, म्हणून कापतानाच त्यावर खूण करा. आणि एखाद्या दिवशी कुरळ्या गर्दीतून अगदी सरळ, सपाट फूट निघाली, तर ती जिथून फुटली तिथूनच कापून काढा. तशी फूट जोमाने वाढते आणि ठेवली तर हळूहळू कुंडी तिचीच होते.