दाताखालची पाण्याची पिशवी

शाळेत असताना माझ्या मावसभावाच्या वरच्या पुढच्या दातावर सीझन बॉल बसला. ओठ सुजला, थोडं रक्त आलं, आठवड्याभरात सगळे विसरले. दात मात्र हळूहळू करडा पडत गेला. वीसेक वर्षांनी शेजारच्या दातासाठी एक्स-रे काढला, तर करड्या दाताच्या मुळाशी बोराएवढं काळं वर्तुळ. दुखत काहीच नव्हतं. ‘सिस्ट दिसतेय,’ डॉक्टर म्हणाले, म्हणजे हाडात तयार झालेली पाण्याची पिशवी. मावशीने लागलीच विचारलं, ‘कॅन्सर नाही ना?’ आणि पाठोपाठ, ‘दात उपटला की संपलं ना?’ पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं. दुसऱ्याचंही ‘नाही’ असू शकतं, कारण दात गेला आणि पिशवी आत राहिली, तर ती बिनदाताच्या हाडातही वाढत राहते.

ही पिशवी येते कुठून? दाताचं मूळ घडवून झाल्यावर त्या कामातल्या काही पेशी मुळाभोवती पुंजक्यांनी तशाच राहून जातात. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८८०च्या दशकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मालासेचे पुंजके म्हणतात. आपल्या सगळ्यांच्या जबड्यात ते निपचित पडून असतात. किडीने किंवा माराने दाताची नस मेली, आत जंतू वाढले आणि मुळाच्या टोकाशी दाह सुरू झाला, की हे पुंजके जागे होतात आणि वाढू लागतात. गोळा मोठा झाला की मधल्या पेशींना रक्त पोचत नाही. त्या मरतात आणि पोकळी तयार होते. मेलेल्या पेशींच्या कचऱ्यामुळे आतला द्रव दाट होतो. मग भिजत घातलेल्या बेदाण्याचं जे होतं तेच इथे होतं: बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि पिशवी टम्म फुगते. त्या दाबाने, आणि दाहातून सुटणाऱ्या रसायनांनी, भोवतालचं हाड विरघळत जातं. हे इतकं संथ चालतं की जंतुसंसर्ग होईपर्यंत माणसाला पत्ताही नसतो. कधी कधी वरचं हाड इतकं पातळ होतं की हिरडीवर बोट दाबलं तर अंड्याच्या टरफलासारखं करकरतं.

गंमत म्हणजे, एक्स-रेवर दिसणारं प्रत्येक काळं वर्तुळ सिस्ट नसतंच. झुरिकच्या पी. एन. आर. नायर यांच्या गटाने १९९६ साली मुळाशी अशा गाठी असलेल्या २५६ नमुन्यांचे पातळ काप काढून तपासले. खऱ्या अर्थाने सिस्ट निघाल्या फक्त १५ टक्के. निम्म्या गाठी म्हणजे नुसती दाहाने वाढलेली ऊती होती. त्या १५ टक्क्यांतही दोन प्रकार होते. ६ टक्के पिशव्यांचं तोंड दाताच्या नळीत, म्हणजे मुळातून नस जाते त्या पोकळीत, उघडत होतं. उरलेल्या ९ टक्के चहूबाजूंनी बंद होत्या. पहिल्या प्रकारच्या पिशव्या जंतू संपवले की आपोआप आटू शकतात. बंद पिशवीचा मात्र दाताशी संबंधच उरलेला नसतो, त्यामुळे ती तशी आटेलच असं नाही.

म्हणून सुरुवात साध्या रूट कॅनलने होते, आणि मला ते पटतं. नळी साफ करायची, औषध भरायचं, बंद करायची आणि सहा महिने ते वर्षभर थांबायचं. वर्तुळ लहान होत गेलं, तर चाकूची गरजच नाही.

नाही झालं, तर शस्त्रक्रिया. जागा बधिर करून हिरडी बाजूला सारतात, हाडाला खिडकी पाडतात आणि पिशवी न फाटता सोलून काढायचा प्रयत्न करतात. सोबत मुळाचं टोकही कापून मागून सील करतात. उरलेल्या खड्ड्यात रक्त गोठतं आणि पुढे हळूहळू हाड भरतं. लहान खड्डा असेल तर कृत्रिम हाडाची पूड बहुधा लागत नाही. कुणी सुचवली तर का, हे खुशाल विचारावं.

पण पिशवी अर्धा जबडा व्यापून बसली असेल तर? ती एकदम काढताना खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस दुखावू शकते, पोकळ झालेला जबडा मोडूही शकतो. यावरची युक्ती जर्मन सर्जन कार्ल पार्श यांनी १८९२ मध्ये मांडली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या तीन वर्षं आधी! पिशवी काढायचीच नाही. तिला तोंडात एक खिडकी पाडायची आणि कडा हिरडीला शिवून टाकायच्या. दाब गेला की वाढ थांबते, आणि हाड बाहेरून आत सरकू लागतं. हल्ली पुष्कळदा खिडकीऐवजी बारीक नळी बसवतात. काम कंटाळवाणं असतं: कित्येक महिने रोज सिरिंजने मिठाचं पाणी सोडून खड्डा धुवायचा, नाहीतर सकाळच्या पोह्यांतला दाणा आत जाऊन बसतो. पिशवी पुरेशी आक्रसली की उरलेली काढतात. मुलांमध्ये न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती सिस्ट झाली, तर या उपायाने तो दात वाचून कित्येकदा जागेवर उगवतोही.

केरॅटोसिस्ट ही जबड्यातल्या सिस्टचीच एक जात, पण प्रकरण वेगळं. ती पुन्हा पुन्हा उगवते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला ट्यूमरमध्ये टाकलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. ती काढल्यावर कित्येक वर्षं एक्स-रे काढत राहावं लागतं. अमेलोब्लास्टोमा नावाचा ट्यूमरही एक्स-रेवर असाच दिसू शकतो. म्हणून काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. पाठवला नसेल, तर भांडून पाठवायला लावा.

मावसभावाचं वर्तुळ वर्षभरात हललं नाही, म्हणून पिशवी सोलून काढली. रिपोर्ट साध्या सिस्टचा आला. दात वाचला, पण अजून करडाच आहे. त्यावर कॅप बसवावी असं मावशीचं मत आहे, त्याचं नाही.