नाट्यशास्त्रात पीएच.डी. : पात्रता, कागदपत्रे आणि प्रबंध सादर होईपर्यंतची प्रक्रिया

रंगभूमीवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा प्रवेश परीक्षेचा असतो. परीक्षेची तयारी करता येते. पण नोंदणी पुढे अडते ती विषयावर आणि मार्गदर्शकावर. प्रयोग पडदा पडताच संपतो आणि संशोधकाच्या हाती संहिता, छायाचित्रे, परीक्षणे, ध्वनिमुद्रणे आणि माणसांच्या आठवणी एवढेच उरते. त्यातले आपल्याला काय मिळू शकते, हे अर्ज भरण्याआधी पाहून ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे पीएच.डी. विनियम सर्व विद्यापीठांना लागू आहेत. त्यांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के किंवा समतुल्य श्रेणी लागते. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांनाही थेट अर्ज करता येतो, मात्र त्यांना 75 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर गटातील इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना 5 टक्क्यांची सवलत आहे. पूर्वी एम.फिल. करून पुढे जाण्याची वाट होती. या विनियमांनी ती पदवीच बंद केली.

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग ही राज्यातील नाट्यशिक्षणाची परिचित ठिकाणे आहेत. मात्र विभाग आहे म्हणजे जागा आहे, असे समजू नये. एका वेळी प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. नाट्यविभाग आकाराने लहान असतात, त्यामुळे एखाद्या वर्षी रिक्त जागांच्या यादीत हा विषयच दिसत नाही. विषय नाट्यवाङ्मयाचा असेल, म्हणजे संहिता, नाटककार किंवा समीक्षा यांच्याभोवती फिरणारा असेल, तर मराठी विभागातील मार्गदर्शकाकडे नोंदणी करणे हा रास्त आणि रुळलेला मार्ग आहे. अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना किंवा दिग्दर्शन हा गाभा असेल, तर मात्र प्रयोग जाणणाऱ्या मार्गदर्शकासाठी थांबावे लागले तरी चालेल.

प्रवेशासाठी नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) विषय 'परफॉर्मिंग आर्ट – डान्स, ड्रामा, थिएटर' असा आहे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते. जून 2024 पासून नेटच्या निकालात फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरणारा वेगळा गटही असतो; या गटातील आणि सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरलेल्या उमेदवारांच्या नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, व हे गुण प्रवेशासाठी एक वर्ष ग्राह्य धरले जातात. विद्यापीठ स्वतःची पीएच.डी. प्रवेश परीक्षा (पेट) घेत असेल, तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. त्या त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे म्हणूनच आवश्यक आहे.

अर्जासोबत सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, नेट, सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) किंवा पेटचा निकाल आणि ओळखपत्र लागते; आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असल्यास चालू मुदतीचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तयार ठेवावे. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना प्रवेश निश्चित करताना मायग्रेशन प्रमाणपत्र द्यावे लागते. विवाहानंतर नाव बदलले असेल, तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावे. नोकरी करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र. अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, नोकरी सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे प्रवेशानंतरच्या अभ्यासक्रमासाठी, कार्यमुक्त केले जाईल, अशा तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. नुसते 'हरकत नाही' पुरत नाही.

संशोधन आराखडा हा या सगळ्याचा कणा आहे. 'मराठी रंगभूमीवरील स्त्रीप्रतिमा' यासारखा अफाट विषय समितीपुढे टिकत नाही, कारण त्याला काळाची, प्रदेशाची किंवा साधनांची हद्द नसते. त्याऐवजी पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांचा हंगामी व्यवसाय, सिंधुदुर्गातील दशावताराची आयत्या वेळी रचली जाणारी संवादपद्धती किंवा राज्य नाट्य स्पर्धेतील एखाद्या केंद्राचा ठरावीक कालखंड, असे विषय घेतले तर साधने कुठे शोधायची हे सांगता येते. जुन्या संहितांसाठी ग्रंथसंग्रहालये, परीक्षणांसाठी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली, आणि जिवंत परंपरेसाठी क्षेत्रकार्य, हे आराखड्यात नावानिशी यावे. मुलाखत देणाऱ्या कलावंताची लेखी संमती घ्यावी आणि ध्वनिमुद्रणाचा वापर कसा होईल हे त्याला आधी सांगावे. तमाशाच्या फडातील किंवा दशावतारी मंडळीतील माणूस आपल्या आयुष्याची कमाई आपल्याला विश्वासाने देत असतो.

प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचे (क्रेडिट) कोर्सवर्क असते. त्यात संशोधन व प्रकाशन नीती हा भाग सक्तीचा असून पुढे जाण्यासाठी किमान 55 टक्के गुण लागतात. त्यानंतर दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण करावे लागते. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी.ची नोंदणी झालेली लागते, म्हणून नोंदणीपत्र आणि सत्रनिहाय प्रगती अहवाल नीट जपावेत.

कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे, शिवाय महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते.

प्रबंध देण्याआधी विभागात पूर्व-सादरीकरण होते आणि वाङ्मयचौर्याची तपासणी होते. आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक 2018 च्या विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो आणि 60 टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. नाटकातील संवाद अवतरणात, स्रोत देऊन उद्धृत केले असतील तर ते या मोजणीतून वगळले जातात, त्यामुळे संवादांचे उतारे घेताना संकोच करू नये. अवतरणचिन्ह आणि पृष्ठक्रमांक मात्र चुकवू नये. पुढे मार्गदर्शक व किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात, अहवाल अनुकूल आले की खुली मौखिकी होते, आणि ही सारी प्रक्रिया प्रबंध दिल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असा नियम आहे. मूल्यमापन यशस्वी झाल्यावर, पदवी जाहीर होण्याआधीच, प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेट या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह ठेवणाऱ्या केंद्राकडे जाते आणि पुढे कोणालाही वाचता येते. म्हणून ज्या कलावंतांनी आपले नाव किंवा काही प्रसंग उघड करू नयेत असे सांगितले असेल, त्यांचे मजकूर अंतिम प्रत बांधण्याआधीच वेगळे काढावेत.