आटोपशीर चुंबकीय परिरोध

ड्युटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या केंद्रकांचे संघटन (जुळून एक होणे) घडवून ऊर्जा मिळविण्यासाठी, त्यांचा अतितप्त प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटे झालेला विद्युत्भारित वायू) तीव्र चुंबकीय क्षेत्राने लहान आकारमानात कोंडून धरण्याच्या पद्धतींना हे नाव दिले जाते. (विश्वकोशीय मराठीत प्लाझ्माला ‘आयनद्रायू’ म्हणतात, परंतु बडोद्याच्या मराठी घरांतला भौतिकीचा विद्यार्थी प्लाझ्माच म्हणतो, म्हणून येथे तोच शब्द ठेवला आहे.) या विक्रियेतून १७.६ मेगॅ-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मुक्त होते. मात्र त्यासाठी तापमान १० कोटी अंश सेल्सिअसच्या वर न्यावे लागते. इतका तप्त प्लाझ्मा भिंतीला टेकला तर भिंत झिजते आणि प्लाझ्माही निवतो, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात अधांतरी ठेवतात.

सोव्हिएत संघात १९५० च्या दशकात आकाराला आलेल्या टोकामॅक या कंकणाकृती यंत्राची कामगिरी दोन मार्गांनी वाढते : आकार वाढवून किंवा क्षेत्र वाढवून. फ्रान्समधील ईटर प्रकल्पाने पहिला मार्ग धरला. त्याच्या प्लाझ्मा-कंकणाची मोठी त्रिज्या (कंकणाच्या केंद्रापासून त्याच्या नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर) ६.२ मीटर आणि क्षेत्र ५.३ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) आहे. दुसऱ्या मार्गाचा आधार असा की, प्लाझ्माचा दाब व चुंबकीय दाब यांचे गुणोत्तर कायम राहिल्यास दर घनमीटरमागे मिळणारी संघटन शक्ती क्षेत्राच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. अमेरिकेत उभारल्या जात असलेल्या स्पार्क यंत्राची त्रिज्या अवघी १.८५ मीटर आहे, पण क्षेत्र १२.२ टेस्ला, केवळ या फरकाने घनमीटरमागची शक्ती सुमारे २८ पट होऊ शकते. विरल मृदा, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडाच्या अतिसंवाहक (थंड केल्यावर विद्युत्‌रोध नाहीसा होणाऱ्या) फितींमुळे हे शक्य झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये अशा फितींच्या मोठ्या चुंबकाने २० टेस्ला क्षेत्र गाठले. तेथे चुंबकीय दाब वातावरणाच्या दीड हजार पटींहून अधिक असतो, आणि तो पेलणारा पोलादी सांगाडा हाच अभियांत्रिकीचा खरा कस असतो.

गोलाभ टोकामॅकमध्ये कंकणाचे मधले भोक एका बारीक खांबापुरते ठेवून कमी क्षेत्रात अधिक दाब पेलला जातो. इंग्लंडमधील कलहॅम येथील स्टार्ट या यंत्राने १९९० च्या दशकात दाबांचे हे गुणोत्तर ४० टक्क्यांपर्यंत नेले. स्फेरोमॅक व क्षेत्र-उलट रचना या, प्लाझ्मातील प्रवाहच बरेचसे क्षेत्र निर्माण करतात अशा, प्रकारांत मधला खांबच नसतो, पण त्यांचा परिरोध अद्याप बराच मागे आहे.

आटोपशीरपणाला एक मर्यादा आहे, आणि ती प्रचारात क्वचितच सांगितली जाते. ऊर्जेचा चार-पंचमांश भाग न्यूट्रॉन नेतात. त्यांना अडवून ट्रिटियम निर्माण करणारे लिथियमचे आवरण व चुंबकांचे संरक्षक कवच मिळून सुमारे मीटरभर जाडी लागते, आणि यंत्र लहान केले म्हणून ही जाडी कमी होत नाही. गोलाभ रचनेत मधल्या खांबाभोवती तर एवढी जागाच उरत नाही. शिवाय तीच उष्णता लहान पृष्ठभागावर पडते.

बडोद्याला हा विषय परका नाही. येथे मुख्यालय असलेल्या आयनॉक्स इंडिया कंपनीने ईटरसाठी अतिशीत हीलियम वाहून नेणाऱ्या नलिका पुरविल्या आहेत. गांधीनगरजवळील भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘आदित्य’ टोकामॅकची त्रिज्या ०.७५ मीटर आहे. तथापि त्याच्या तांब्याच्या वेटोळ्यांचे क्षेत्र दीड टेस्लापर्यंतच असल्याने, आकाराने लहान असूनही तो या नोंदीत अभिप्रेत असलेल्या वर्गात मोडत नाही.