पुंकेसर, किंजल्क आणि डोमकळी

केसर म्हणजे मुळात केस, आयाळ. सिंह केसरी झाला तो त्यामुळेच. कमळाच्या मधल्या तंतूंनाही संस्कृतात केसर म्हणत आणि अमरकोशात किंजल्क हा त्याचाच पर्याय दिला आहे. जुना इतिहास एवढाच, आणि त्यात कुठे गोंधळ नाही.

गोंधळ आहे तो फुलाच्या भागांच्या आधुनिक परिभाषेत. मराठीत आज दोन संच शेजारी शेजारी नांदतात. शाळेच्या पुस्तकांत पुमंग (फुलाचा नर भाग), जायांग (स्त्री भाग), कुक्षी (त्या स्त्री भागाचे टोक), कुक्षीवृंत (टोकाखालचा दांडा), आणि ओळखीचे पुंकेसर व स्त्रीकेसर. ज्ञानकोशी लेखनात मात्र केसरदल (पुंकेसर), किंजदल (स्त्रीकेसर), किंजपुट (अंडाशय), किंजल (कुक्षीवृंत). या दुसऱ्या संचात किंजल्क म्हणजे स्त्री-अवयवाचे टोक, जिथे पराग येऊन चिकटतात. म्हणजे केसराचा सख्खा पर्याय असलेला शब्द उचलून थेट समोरच्या पक्षात बसवला. ‘किंज’पासून शब्दांचे एक कुटुंब तयार होते, ही सोय खरी. पण त्यासाठी जुना अर्थ उलटा करायला नको होता. शाळेतले स्त्रीकेसरही तिढा वाढवते, कारण ज्ञानकोशात केसर फक्त नर. त्यात मसाल्याचे केशर हे फुलातल्या तीन लाल कुक्षींचे, म्हणजे स्त्री-अवयवाचेच! मराठीने निदान तिथे ‘श’ वापरून वेगळी वाट ठेवली आहे. पुंकेसर शिकून कॉलेजात गेलेल्या मुलाला केसरदल म्हणजे तेच, हे कोणीतरी सांगावेच लागते.

खान्देशात तरी फूल समजून घ्यायला पुस्तकावर अडायचे कारण नाही. कपाशी जास्वंदीच्याच कुळातली. फिकट पिवळ्या पाकळ्या बाजूला केल्या की पुंकेसरांचे दांडे एकत्र जुळून झालेली नळी दिसते आणि तिच्या तोंडातून कुक्षी वर आलेली असते. दुसऱ्या दिवशी त्याच पाकळ्या गुलाबी होतात. शेतात कळीला पाते म्हणतात. पाते, फूल, बोंड या क्रमाने सगळा हंगाम मोजला जातो आणि पातेगळ झाली की घरात चिंता शिरते.

2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या कपाशीला, परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी या वाणांना दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात राज्यभर मोठे नुकसान झाले. तेव्हापासून डोमकळी हा शब्द कृषी सल्ल्यांत ठळकपणे येऊ लागला. अळी फुलात शिरून पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते आणि आत अळी पराग खात असते. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असे समजतात. त्याआधीच डोमकळ्या वेचून अळीसकट नष्ट करायच्या असतात, आणि ‘डोमकळ्या तोडा’ एवढे सांगितले की मजुरापासून मालकापर्यंत सगळ्यांना नेमके कळते.