'गंगाजल'मागचं भागलपूर

'गंगाजल'चं शूटिंग पाहिलेली माणसं वाईत आजही भेटतात. २००३ साली आलेल्या या चित्रपटासाठी प्रकाश झा यांनी बिहारमधलं काल्पनिक तेजपूर वाई परिसरात उभं केलं आणि कृष्णाकाठचं आपलं गाव पडद्यावर बिहारचं म्हणून सहज खपून गेलं. त्याचं कौतुक आहेच. पण अजय देवगण कुठे उभा होता हे सांगताना मूळ प्रकरण मागे पडतं. ते माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

चित्रपटाचा घटनाक्रम काल्पनिक आहे, त्याचं बीज मात्र बिहारमधल्याच भागलपूरचं. १९७९-८० या काळात तिथल्या पोलिसांनी ३१ कच्च्या कैद्यांना आंधळं केलं. माणसाला आडवं पाडून धरायचं, पोती शिवायच्या दाभणासारख्या सुईनं डोळे फोडायचे आणि त्यात ॲसिड ओतायचं. या ॲसिडलाच 'गंगाजल' म्हणत. पाप धुऊन टाकणारं पाणी! करणाऱ्याच्या मनाला टोचणी लागू नये याची सोय त्या नावातच होती.

नोव्हेंबर १९८० मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'नं हे छापलं आणि देश हादरला. भागलपुरात मात्र निलंबित पोलिसांच्या बाजूनं लोक रस्त्यावर उतरले. त्यांना नुसतं क्रूर म्हणून मोकळं होता येत नाही. दरोडे, खून, अपहरणं सोसलेली ती माणसं होती. साक्षीला उभं राहायची कुणाची छाती नव्हती आणि आरोपी जामिनावर सुटून पुन्हा दारात. सूड तिथे न्यायासारखा दिसू लागला, तो या हताशेतून. चित्रपटातला जमाव म्हणूनच खरा वाटतो. पोलीस अधीक्षक अमित कुमार त्या जमावाला अडवतो, शिक्षा द्यायचा हक्क आपला नाही असं बजावतो. तरीही खलनायक न्यायालयापर्यंत पोचतच नाहीत, पटकथा त्यांना आधीच संपवते. प्रेक्षकाला सूडही मिळतो आणि हातही स्वच्छ राहतात. मला ही पळवाट वाटते.

प्रत्यक्षात प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'खत्री विरुद्ध बिहार राज्य' या खटल्यात १९८१ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांच्यापुढे जे आलं, ते कुठल्याही थरारपटाहून अस्वस्थ करणारं आहे. या कैद्यांना सुरुवातीला वकील मिळाला नव्हता. कारण काय, तर त्यांनी मागितला नाही! डोळे गेलेली माणसं समोर असताना, ही इजा कशी झाली, एवढंही दंडाधिकाऱ्यांनी विचारलं नव्हतं. न्यायालयानं ठणकावून सांगितलं की, आरोपीला प्रथम हजर केल्यापासूनच मोफत वकिलाचा हक्क आहे, तो हक्क त्याला सांगणं दंडाधिकाऱ्यांचं काम आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही.